धर्माची गाय नव्हे

कोकण रेल्वे भारतीय रेल्वेत विलीन करायला महाराष्ट्र सरकारने २०२५ मध्ये संमती दिली, तेव्हापासून रोहा स्टेशनच्या बाकांवर कर्मचाऱ्यांच्या मोफत पासांचा विषय वरचेवर निघतो. साहजिकच आहे. रोह्यापर्यंत मध्य रेल्वे, पुढे कोलाडपासून कोकण रेल्वे. सांधा इथेच आहे. गप्पांत विमान कंपनीत नोकरी केलेलं कुणी असलं की गोष्ट रुळांवरून धावपट्टीवर जाते, कारण विलीनीकरण म्हणजे काय ते त्यांनी आधीच भोगलेलं असतं. मग अष्टमी गावाकडे निघालेलं कुणीतरी पिशवी उचलता उचलता निकाल देऊन टाकतं : "अहो, फुकटचा प्रवास तो! धर्माच्या गाईचे दात कशाला मोजायचे?"

हा निकाल बाकापुरता नाही. व्यवस्थापन शिकलेली माणसंही हेच म्हणतात, फक्त जरा इस्त्री करून. त्यांचा पूर्वपक्ष आधी पुऱ्या ताकदीने मांडतो. प्रतिपक्ष लुळा करून त्याला पाडण्यात पुरुषार्थ नाही.

विमान उडालं की रिकाम्या खुर्चीची किंमत शून्य होते. शिळ्या भाजीसारखी ती उद्या विकता येत नाही. अशा खुर्चीवर कर्मचारी बसला तर कंपनीचं जवळपास काहीच जात नाही. शिवाय तिकिटावर स्पष्ट असतं : 'सब्जेक्ट टू लोड', म्हणजे जागा उरली तर. पैसे भरलेला प्रवासी शेवटच्या मिनिटाला आला तर स्टाफने उठायचं. कंपनीच्या धोरणात हा हक्क नसून सवलत आहे, कधीही बदलता येईल, असंही लिहिलेलं असतं. वर विलीनीकरणाने मार्ग वाढतात, म्हणजे त्याच पासावर जास्त शहरं. मग कुरकुर कसली?

पहिली चूक इथे की देणाऱ्याचा खर्च आणि घेणाऱ्याचं मोल ही एकच गोष्ट धरली आहे. विहीर असलेल्या शेतकऱ्याला चार घागरी पाण्याचं काहीच वाटत नाही. म्हणून त्या पाण्याच्या बोलीवर कामाला आलेल्या गड्याला ते पाणी भीक ठरत नाही. ग्राउंड स्टाफच्या भरतीत 'पगार सुरुवातीला बेताचा, पण पॅसेज (म्हणजे हाच स्टाफ प्रवास) आहे' हे वाक्य बोललं जातं. ज्या गोष्टीकडे बोट दाखवून पगार कमी ठरवला, ती पगाराचाच भाग झाली. आणि 'फुकट' तरी कुठे? बहुतेक स्टाफ तिकिटांवर कर आणि विमानतळाची शुल्कं भरावीच लागतात. दुसऱ्या कंपनीच्या विमानाने जायचं तर अंतराच्या टप्प्यांनुसार ठरलेलं झेड भाडं मोजावं लागतं.

प्राप्तिकर खात्याला हे बाकावरच्या मंडळींपेक्षा बरं समजलं होतं. १९६२ च्या प्राप्तिकर नियमांतल्या तिसऱ्या नियमाने, प्रवासी किंवा माल वाहणाऱ्या कंपनीने कर्मचाऱ्याला दिलेला मोफत वा सवलतीचा प्रवास हा पगाराबरोबरचा लाभ धरला आणि त्याचं मूल्य कसं काढायचं तेही सांगितलं. मग लगेच विमान कंपन्या आणि रेल्वे यांच्या कर्मचाऱ्यांना त्यातून वगळलं. पुष्कळ लोक या वगळण्याचा अर्थ 'म्हणजे तो लाभ नाहीच' असा लावतात. उलटं आहे. जे मुळात जाळ्यात येतच नाही, ते जाळ्यातून सोडायला वेगळी ओळ लिहावी लागत नाही.

'हक्क नव्हे, सवलत' हा युक्तिवाद ऐकायला पक्का आहे, पण तो मांडणाऱ्यावरच उलटतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याचं कलम ९अ सांगत होतं की सेवाशर्तीत बदल करायचा तर आधी नोटीस द्या आणि एकवीस दिवस थांबा. कोणत्या शर्ती, याची यादी चौथ्या परिशिष्टात होती आणि तिची आठवी बाब होती रूढ सवलत किंवा विशेषाधिकार काढून घेणं, अथवा वहिवाट बदलणं. म्हणजे कायद्याने 'सवलत' हाच शब्द धरून मालकावर बंधन घातलं. आता त्या कायद्याची जागा २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे, तिच्या तिसऱ्या परिशिष्टातही ही बाब आहे. पासाला सवलत म्हणून हिणवणारा माणूस नकळत त्याला यादीत नेऊन बसवतो.

या तरतुदीला मी तिच्यापेक्षा मोठी करून सांगत नाही. ती बदलाला मनाई करत नाही, फक्त तो गुपचूप करू देत नाही. ती कामगारांसाठी आहे, व्यवस्थापकांसाठी नाही. आणि एअर इंडिया टाटांकडे गेल्यानंतर कर्मचाऱ्यांना रिट याचिकेचं दार बंद झालं, हे सर्वोच्च न्यायालयाने १६ मे २०२४ च्या मदिरेड्डी निकालात सांगितलं. पण दार बंद झालं म्हणजे घरातलं सामान गेलं असं होत नाही. दुसऱ्या दाराने जावं लागतं.

जेट एअरवेजचं उदाहरण हमखास पुढे येतं. १७ एप्रिल २०१९ ला शेवटचं उड्डाण झालं आणि हजारोंचे पास त्या रात्री रद्दी झाले. बघा, मेहेरबानीच होती ना? त्याच कंपनीत त्याच वेळी पगारही थकले होते. पगार बुडाला म्हणून पगार ही मेहेरबानी होती असं कुणी म्हणत नाही. जेटने एवढंच दाखवलं की भविष्य निर्वाह निधी सरकारी खात्यात जमा होतो, ग्रॅच्युइटीला तेव्हा १९७२ चा कायदा होता, आणि पॅसेज मात्र कुठेच जमा होत नाही.

आता मुख्य मुद्दा, ज्याकडे दोन्ही बाजूंचं दुर्लक्ष होतं.

रेल्वेचा पास दाखवून आरक्षण करता येतं. विमानाचा स्टँडबाय पास दाखवून फक्त रांगेत उभं राहता येतं. त्याचं सगळं मोल रांगेतल्या नंबरात आहे. म्हणूनच 'कुणाचाही पास कमी केलेला नाही' हे विलीनीकरणानंतरचं परिपत्रक अक्षरशः खरं असूनही पोकळ असू शकतं. समजा दोन कंपन्यांची सकाळी सातच्या सुमाराला मुंबई-दिल्ली विमानं होती आणि दोन्हींत दहा दहा खुर्च्या रिकाम्या जायच्या. एकत्र झाल्यावर पहिलं शहाणपण कोणतं? त्यातलं एक विमान दुसऱ्या वेळेला किंवा दुसऱ्या मार्गाला लावणं. उरलेल्या विमानात चार खुर्च्या रिकाम्या, आणि काउंटरशेजारी दोन्हीकडचे स्टाफ, त्यांचे आईवडील, मुलं. पास तेवढेच, यादीतली शहरं वाढलेली, आणि माणूस ऑफलोड होऊन पाच तास विमानतळावर. व्यवसायाच्या दृष्टीने यात गैर काही नाही. विलीनीकरण त्यासाठीच असतं. पण मग 'मार्ग वाढले म्हणजे फायदा वाढला' हे तरी म्हणू नका.

त्याहून अवघड प्रश्न, रांग लावायची कशी? विस्तारा कंपनीचं पहिलं उड्डाण ९ जानेवारी २०१५ चं. १२ नोव्हेंबर २०२४ ला ती एअर इंडियात मिसळली. रुजू होण्याच्या तारखेवर रांग लावली, तर विस्ताराचा जुन्यातला जुना माणूसही जेमतेम दशकभराचा, आणि समोर तीस वर्षं काढलेला एअर इंडियाचा कर्मचारी. चेक-इनच्या वेळेवर लावली, तर ती तीस वर्षं एका मिनिटात पुसली जातात. अमेरिकन एअरलाइन्स आणि यूएस एअरवेज २०१३ मध्ये एक झाल्या तेव्हा हाच पेच होता : एकीकडे जो आधी चेक-इन करेल तो पुढे, दुसरीकडे ज्येष्ठता. अमेरिकनची पद्धत टिकली आणि यूएस एअरवेजचे जुने लोक हळहळले.

आपल्याकडे ज्येष्ठतेचा घोळ जुनाच आहे. १९५३ मध्ये आठ खासगी कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स झाली. २००७ मध्ये ती एअर इंडियाशी जोडली गेली. कागद एक झाले, माणसं झाली नाहीत. २०११ मध्ये एका बाजूचे वैमानिक संपावर, २०१२ मध्ये दुसऱ्या बाजूचे, आणि पगार-पदांची जुळणी सुचवायला न्यायमूर्ती धर्माधिकारी समिती. एवढ्या मोठ्या भांडणात पास हा किरकोळ मुद्दा वाटेल. पण पगारवाढ वर्षातून एकदा कळते. काउंटरवरचा नंबर प्रत्येक प्रवासात सांगतो की नव्या घरात आपण कोण.

इथे कर्मचाऱ्यांच्याही एका दाव्याचं खंडन करावं लागेल. 'आमची सीट गेली' असं म्हणू नये. सीट कधीच तुमची नव्हती; पूर्ण भाडं भरलेल्या माणसाने ती घेतली तर ते न्याय्य आहे. गेला तो नंबर. तक्रार नंबराची करा, ती टिकेल.

माझं मंडन असं. पास हा मागे ठेवलेला पगार असेल, तर ज्याने जास्त वर्षं काम केलं त्याचा जास्त पगार मागे राहिलेला आहे. म्हणून रांग सेवेच्या वर्षांवर लागावी, आणि ती वर्षं कोणत्या पाटीखाली भरली हे बघू नये. चेक-इनच्या वेळेची पद्धत दिसायला समतेची आहे, पण ती कमावलेल्या गोष्टीची शर्यत करते. रात्रपाळीला काउंटरवर उभा असलेला माणूस त्या शर्यतीत मोबाइल हातात असलेल्याकडून हरतो. नव्या मुलांवर यात अन्याय होतो हे खरं. त्याला उतारा आहे : वर्षातले मोजके प्रवास सगळ्यांना वरच्या क्रमाने द्यावेत. युनायटेडसारख्या कंपन्या असे वेगळे सुट्टीचे पास देतात. घरात लग्न किंवा मयत असेल तेव्हा दोन वर्षांच्या नोकरीवाल्यालाही विमान मिळायला हवं.

आणि हे विलीनीकरणाच्या योजनेतच लिहिलं जावं. कर्मचारी नव्या कंपनीत आधीपेक्षा कमी फायद्याच्या नसलेल्या अटींवर जातील, असं अशा योजनांत सहसा असतं. त्या वाक्यात रांगेचा क्रम येतो की नाही, हे युनियनने सही होण्याआधी विचारायचं असतं. नंतर विचारलं की ती विनंती होते.

तुमच्या घरातलं कुणी विमान कंपनीत असेल, तर आज त्याचं नेमणूकपत्र काढून बघा. पॅसेजचा उल्लेख पगाराच्या पानावर आहे, की मागे 'वेळोवेळी बदलणाऱ्या धोरणानुसार' या शब्दांखाली? दुसरं असेल, तर पुढच्या विलीनीकरणाची बातमी यायच्या आत त्याला युनियनच्या माणसाला भेटायला सांगा.