बियाणं आधी पोचलं, पाणलोट नंतर: जालन्यातल्या शेतीज्ञानाचा प्रवास

नवी शेती छोट्या शेतकऱ्यापर्यंत पोचते कशी, हा आजचा प्रश्न आहे. तो आपण जालना जिल्ह्यापुरता पाहू. हा भाग 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता आणि जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला 1 मे 1981 रोजी. जमीन बरीचशी कोरडवाहू, पावसाचा भरवसा नाही. दोन-चार एकरांचा धनी इथे नवं काही करून बघतो, तेव्हा त्याचं अख्खं वर्ष पणाला लागलेलं असतं. म्हणून तो ऐकतो सगळ्यांचं, पण करतो शेजारच्या वावरात पाहिल्यावर.

सुरुवात बियाण्यापासून करू. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत 'पुसा सावनी' नावाचा भेंडीचा वाण तयार झाला होता. पानं पिवळी पाडणाऱ्या विषाणूरोगापुढे तो टिकत असे. जालन्याच्या बद्रीनारायण बारवाले यांनी तो आपल्या शेतात लावला, त्याचं बियाणं तयार केलं आणि 1964 मध्ये जालन्यात महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी, म्हणजे महिको, सुरू केली. 1998 मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. हे आपल्याला ठाऊक असतं. पण त्या बियाण्याबरोबर ज्ञान कसं पसरलं, इकडे आपलं लक्ष कमी जातं.

संकरित बियाणं घरचं राखून पुढल्या वर्षी पेरलं तर तसं पीक येत नाही. ते दरवर्षी नव्याने तयार करावं लागतं आणि त्यासाठी शेतकऱ्यांच्याच शेतात बीजोत्पादनाचे प्लॉट घ्यावे लागतात. नर-मादीच्या ओळी वेगळ्या लावायच्या, भेसळीची झाडं वेळेत उपटायची, त्याच पिकाच्या दुसऱ्या वाणापासून ठरावीक अंतर राखायचं. यात चूक झाली तर माल नापास. त्यामुळे कंपनीचा माणूस बांधावर येऊन शिकवायचा, कारण शिकवण्यात कंपनीचाही फायदा होता. शेजाऱ्याला हे सगळं फुकट बघायला मिळायचं.

दुसरी वाट सरकारी संशोधनाची. याच जिल्ह्यातल्या बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राने तुरीचे वाण दिले. 'बीएसएमआर 736' हा वांझ रोगाला तोंड देणारा, तर 'बीडीएन 711' लवकर येणारा, म्हणून शेवटी ओल तुटली तरी हाती काही लागतं. तुरीच्या या सरळ वाणांचं बियाणं घरी राखता येतं. पायली-दोन पायली बी पाहुण्यारावळ्यांकडून या गावातून त्या गावात जातं आणि सोबत सल्लाही जातो: किती अंतरावर टोकायची, शेंडा कधी खुडायचा.

आता जे पोचलं नाही ते बघू. 2002 मध्ये बीटी कापसाला देशात परवानगी मिळाली. बोंडअळीचा त्रास कमी झालेला दिसला आणि काही वर्षांतच हे बियाणं जवळपास सगळीकडे गेलं. पुढे कृषी सेवा केंद्रातून मिळणाऱ्या पाकिटात 450 ग्रॅम बीटी बियाण्यासोबत 120 ग्रॅम साध्या बियाण्याची वेगळी पुडी असे. ते कडेने लावायचं, म्हणजे अळीत प्रतिकारशक्ती लवकर येत नाही. सूचना पाकिटावर छापलेली होती. तरी ती पुडी अनेकांनी पेरलीच नाही.

याला अडाणीपणा म्हणायचं का? आम्हाला तसं वाटत नाही. दोन एकरवाल्याने अळीसाठी ओळी सोडायच्या, तर नुकसान त्याचं एकट्याचं आणि फायदा साऱ्या शिवाराचा. बाकीचे लावणार नाहीत हे त्याला दिसत होतं. त्यात फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही कापूस उभा ठेवणं, अळीच्या पथ्यावर पडली. 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने राज्यभर कापूस पोखरला. पुढे साधं बियाणं त्याच पाकिटात मिसळून देण्याची पद्धत आणावी लागली.

म्हणजे माहितीबरोबर विकायला काही असेल, किंवा फळ एकट्याच्या शेतात दिसत असेल, तर ती झपाट्याने पोचते. सगळ्यांनी मिळून करायची गोष्ट असेल, तर नुसतं सांगून भागत नाही. मग ती होते कशी?

याचं उत्तर जालना तालुक्यातल्या कडवंचीत सापडतं. 1996 पासून तिथे इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून काम झालं. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राने आणि विजयअण्णा बोराडे यांनी त्यात पुढाकार घेतला. या कार्यक्रमाच्या अटी कडक होत्या: श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी. नियोजन गटवार, शेतकऱ्याला घेऊन त्याच्याच रानात फिरून व्हायचं. बांध कुठे पडणार, पाणी कुठून वळणार, हे त्याच्यासमोर ठरायचं. भरवसा बसायला वेळ गेला. पुढे द्राक्षबागा आल्या, शेततळी आली. 2012 च्या दुष्काळात जिल्ह्यात मोसंबीच्या बागा वाळत असताना कडवंचीच्या द्राक्षबागा तगल्या.

मग मात्र लोक गाड्या करून कडवंची बघायला येऊ लागले. पाहुण्याला आधी दिसतं ते शेततळं, कारण ते डोळ्यांत भरतं आणि एकट्याला करता येतं. माथ्यावरचे चर, बांध आणि चराईबंदीची वर्षं दिसत नाहीत. पाणलोटाचं काम न करता नुसतं प्लास्टिक अंथरून विहिरीच्या पाण्याने तळं भरलं, तर ते पाणी शेजाऱ्याच्याच विहिरीतून खेचलं जाऊ शकतं. बघून शिकण्याचा हा धोका आहे. जे दिसतं तेवढंच उचललं जातं.

म्हणून खरपुडीला दर महिन्याच्या 5 तारखेला भरणारं चर्चासत्र आम्हाला महत्त्वाचं वाटतं. शेतकरी तिथे येतात, शास्त्रज्ञाला उलट प्रश्न विचारतात आणि पुढच्या महिन्यात पुन्हा येऊन काय झालं ते सांगू शकतात. मोबाईलवर आज सल्ल्याला तोटा नाही. पण तो सल्ला चुकला, तर पुढच्या महिन्यात जाब कोणाला विचारायचा? जालन्यातल्या या साठेक वर्षांकडे बघितलं, तर छोट्या शेतकऱ्याने सल्ला घेताना आधी हाच हिशेब केलेला दिसतो, आणि त्याच्या जागी आपण असतो तर आपणही तोच केला असता.