तंबोरा लावण्याचा अधिकार

मिरजेचा तंतुवाद्यांचा धंदा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास उदयास आला तो शिकलगारांच्या हातून. हत्यारांना मागणी उरली नाही, पिढीजात पेशा बसला, तेव्हा फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने सतार-तंबोऱ्यांची दुरुस्ती आणि पुढे निर्मिती हाती घेतली. पंढरपूरकडचा भोपळा आणि तुणीचे लाकूड यांतून वाद्याचा देह घडे. पण घोडीचा माथा कानसेने घासून, तारेचा नाद दीर्घ आणि भरदार व्हावा अशी जवारी साधल्याखेरीज त्यात प्राण येत नसे.

कारागिराचे कसब जेथे संपे तेथे गवयाचे सुरू होई. पहिली तार पंचमाची, रागात पंचम वर्ज्य असल्यास बहुधा मध्यमाची, मधली जोडी षड्जाची आणि शेवटचा खर्ज. खुंटीने स्थूलमानाने, मण्याने सूक्ष्मपणे सूर मिळवावा, तारेखालचा दोरा सरकवून जवारी खुलवावी, आणि खर्जातून न छेडलेला गांधार आपोआप ऐकू आला म्हणजे तंबोरा लागला, असे मानावे. गुरूच्या मागे बसून तंबोरा धरणाऱ्या शिष्याचे अर्धे शिक्षण एवढ्यातच होई.

कानाच्या या निकालास मापाची जोड देण्याचा यत्नही याच मुलखात झाला. सेवानिवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी गवई अब्दुल करीम खाँसाहेबांच्या साहाय्याने स्वरांची मापे घेऊन 22 श्रुतींवरील आपला इंग्रजी ग्रंथ 1910 मध्ये प्रसिद्ध केला. पुढे क्लेमंट्स या सनदी अधिकाऱ्याने पुरस्कारिलेली श्रुतींची पेटी 1916 च्या बडोदे संगीत परिषदेत वादाचा विषय झाली. सिद्धांत मान्य असो वा नसो, त्या चौकशीत गवयाचा गळा साक्षीदार होता आणि माप हे त्याची जबानी टिपून घेणारा कारकून.

1979 च्या सुमारास बंगळूरचे अभियंते आणि बासरीवादक जी. राज नारायण यांनी विजेवरचा तंबोरा सिद्ध केला, तेव्हापासून हे नाते उलटू लागले. दमट हवेत न उतरणारा, प्रवासात भोपळा फुटण्याचे भय नसलेला, काळी एक म्हणताच काळी एक देणारा हा सोबती एकट्याने रियाज करणाऱ्यास वरदानच ठरला, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु सुराचा फैसला या यंत्राकडे गेला आणि कान त्याच्या हुकमाची तामिली करणारा झाला, तर सोय शिक्षणाच्या मुळावर येते.

2024 मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांस भौगोलिक मानांकन लाभले. त्याने कारागिराच्या नावास संरक्षण मिळेल, तंबोरा लावण्याच्या विद्येस मिळणार नाही. ती टिकवायची तर शिष्याने तंबोरा आधी कानाने लावावा आणि मगच, हवे तर, यंत्राची साक्ष काढावी.