फोटोखाली नाव लिहिणारा माणूस

सोलापूर रोडला लोणी काळभोरजवळ अपघात झाला की पाच मिनिटांत मोबाईलवर फोटो येऊन पडतात. रक्त, उघडा चेहरा, चेंदामेंदा झालेली दुचाकी. माणसाचं नाव मात्र कुणालाच माहीत नसतं. बातमीदारीच्या सुरुवातीला मीही असे फोटो छापायला दिलेत. तेव्हा काही वाटलं नाही. वाटलं ते पुढे, दुष्काळांच्या चित्रांबद्दल वाचताना.

१८७६-७८ चा मोठा दुष्काळ पुणे-सोलापूरनेही भोगला. त्याच दुष्काळात मद्रास इलाख्यात हूपर नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने फोटो काढले. हाडांचे सापळे झालेली माणसं ग्रुप फोटोला बसवावीत तशी ओळीने मांडलेली. त्यावरून त्याच्यावर टीकाही झाली. फोटो आजही बघायला मिळतात, पण ती माणसं कोण होती हे त्यावरून कळत नाही.

आता १९४३ चा बंगाल बघा. साधारण तीस लाख माणसं गेली असं मानतात. युद्ध चालू, बातम्यांवर सरकारचा दाब. २२ ऑगस्टला कलकत्त्याच्या 'स्टेट्समन'ने रस्त्यावर मरणाऱ्यांचे फोटो छापले, तेव्हा कुठे बोभाटा झाला. म्हणजे फोटो छापूच नये, असं मी म्हणत नाही.

त्याच दुष्काळात सुनील जाना कॅमेरा घेऊन फिरले आणि चित्तप्रसाद कागद-शाई घेऊन. दोघांचं काम मुंबईहून निघणाऱ्या 'पीपल्स वॉर'मध्ये यायचं. इकडे अण्णा भाऊ साठेंनी 'बंगालची हाक' हा पोवाडा रचला.

चित्तप्रसाद नोव्हेंबरमध्ये मेदिनीपूर जिल्हा पायी फिरले. नुसती चित्रं काढली नाहीत, तर माणसांची नावं, गावं, त्यांच्यावर काय वेळ आली तेही लिहून घेतलं. त्यांच्या एका चित्रातल्या मेलेल्या माणसाचं नाव आपल्याला आज माहीत आहे, क्षेत्रमोहन नाईक. या फिरतीचं 'हंग्री बेंगॉल' हे छोटं पुस्तक निघालं आणि सरकारने त्याच्या प्रती जप्त करून नष्ट केल्या. वाचलेल्या प्रतीवरून २०११ मध्ये ते पुन्हा छापलं गेलं. चित्तप्रसादांनी पुढची बरीच वर्षं मुंबईत, अंधेरीला काढली.

कॅमेरा वाईट आणि चित्र चांगलं, असा हा हिशोब नाही. जाना यांचे फोटोही लोकांना हलवून गेले. मुद्दा एवढाच की समोरच्याचं दुःख टिपायचं तर थांबावं लागतं, विचारावं लागतं. सरकारला अडचण झाली तीही त्यामुळेच. नुसता आकडा नाकारता येतो. नाव, गाव, हकीकत असलेला माणूस नाकारणं अवघड जातं.

मी आता अपघाताच्या ठिकाणी आधी नाव विचारतो, घरी कळवलंय का ते बघतो, मगच मोबाईल काढतो. बातमी उशिरा लागते, लागू दे. तुमच्याही ग्रुपवर असा फोटो आला तर पुढे ढकलण्याआधी एवढं बघा, त्याच्या आईला कळलंय का?