राखेचे वर्तुळ पाचोऱ्यापर्यंत कसे पोहोचले?

१/ सप्टेंबर १९९९. केंद्र सरकारच्या एका अधिसूचनेने देशातील प्रत्येक औष्णिक वीज केंद्राभोवती ५० किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ आखले. त्या वर्तुळातील मातीच्या विटेत वजनाने किमान २५ टक्के कोळशाची राख मिसळणे बंधनकारक झाले. भुसावळजवळच्या दीपनगर केंद्रापासून पाचोरा सरळ रेषेत साठ-पासष्ट किलोमीटरवर असल्याने वर्तुळाबाहेर राहिले. २००३ च्या दुरुस्तीने त्रिज्या १०० किलोमीटर केली आणि पाचोरा आत आले. २०१६ मध्ये ती ३०० झाली.

२/ कोळशाची राख पाचोऱ्याला अपरिचित नव्हती. मुंबई-भुसावळ लोहमार्गावरील हे स्थानक. येथूनच जामनेरची अरुंद रुळांची गाडी सुटे. मात्र वाफेच्या इंजिनाची राख खड्यांची, जाडीभरडी. वीज केंद्रात कोळसा पिठासारखा दळून जाळतात; म्हणून तिथली राख इतकी सूक्ष्म की धुराबरोबर उडते. तिचे नावच ‘उडती राख’, फ्लाय ॲश.

३/ दीपनगरचा पहिला संच १९६८ मध्ये सुरू झाला. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण साधारण ३० ते ४५ टक्के. म्हणजे शंभर गाड्या कोळसा जाळला की तीस-चाळीस गाड्या राख उरते. पाण्यात कालवून ती बंधाऱ्यात साठवली जाते. वर्षे लोटली की प्रश्न उभा राहतो : ठेवायची कुठे?

४/ उत्तर जुनेच होते. प्राचीन रोमन लोक ज्वालामुखीची राख चुन्यात मिसळून पाण्यातही टिकणारी बांधकामे करीत. १९३७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातील आर. ई. डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी कोळशाची राखही काँक्रीटमध्ये तसेच काम करते, हे मांडले. १९५३ मध्ये पूर्ण झालेल्या अमेरिकेतील हंग्री हॉर्स धरणात ती वापरली गेली. महाराष्ट्रात घाटघर प्रकल्पाच्या धरणांत सिमेंटचा मोठा वाटा राखेनेच उचलला.

५/ मग भीती कशाची? कोळसा जळून जातो, पण त्यातील आर्सेनिक, क्रोमियम, सेलेनियम, अल्प प्रमाणातील युरेनियम-थोरियम मागे उरतात आणि राखेत दाट होतात. अशा राखेच्या भिंतीआड माणसांनी राहावे काय, ही शंका रास्त होती.

६/ राख चुन्याशी वा सिमेंटशी संयोग पावली की घट्ट जाळे तयार होते आणि घातक द्रव्ये बहुतांशी त्यात अडकून पडतात. २०१४ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने राखमिश्रित काँक्रीट तपासले. त्यातून होणारे उत्सर्जन राखविरहित काँक्रीटइतकेच वा आरोग्याच्या मर्यादेखाली असल्याचा निष्कर्ष निघाला. हा निर्वाळा बांधलेल्या राखेपुरता होता; सुट्या राखेला तो लागू नाही.

७/ सुट्या राखेचा इतिहास निराळा आहे. डिसेंबर २००८ मध्ये टेनेसीतील किंग्स्टन येथे बंधारा फुटून सुमारे ३०० एकर परिसर राखेखाली गेला. ती उपसणाऱ्या अनेक कामगारांना पुढे आजारांसाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ कोराडी केंद्राचा खसाळा येथील बंधारा फुटला आणि राखेचे पाणी शेतांत शिरले.

८/ भारतीय नियमांची मेख इथेच आहे. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने राखेचा १०० टक्के वापर बंधनकारक केला. न वापरलेल्या राखेवर टनामागे १,००० रुपये भरपाई लावली. पण वापराच्या हिशेबात वीट, सिमेंट आणि सखल जमिनीतील भराव शेजारी शेजारी बसतात. भरावासाठी अटी आहेत. तरीही टक्केवारी टन मोजते, राख बांधलेली की सुटी हे मोजत नाही.

९/ खानदेशच्या काळ्या मातीची वीट सुकताना तडकते. राख मिसळली की तडे कमी होतात. नुसती सोय म्हणून नव्हे, तर गुणामुळेही राख इथे उपयोगी आहे. धोका तयार विटेत कमी. तो राख उतरवताना, चाळताना, मिसळताना अधिक. त्या धुळीतील सिलिका फुप्फुसात साचते. तिथे गरज असते पाणी मारण्याची, झाकलेल्या गाडीची, तोंडावरच्या मुखपट्टीची.

१०/ राख सुरक्षित आहे का, या प्रश्नाला म्हणूनच एकच उत्तर नाही. घराच्या भिंतीत ती बहुधा निरुपद्रवी. विहिरीशेजारच्या खड्ड्यात मात्र नाही. १९९९ पासून वर्तुळाची त्रिज्या वाढत गेली. राख कुठवर न्यावी हे ठरले. कोणत्या रूपात न्यावी, हा प्रश्न तितक्याच आग्रहाने विचारायचे राहून गेले.