कानात काय घातलंय, त्यावर गाणं ठरतं

"कुठले इअरफोन घेऊ?" हा प्रश्न मित्रमैत्रिणींच्या ग्रुपवर दर महिन्याला पडतोच. प्रामाणिक उत्तर एकच: "ऐकतोस काय, आणि कशावर?" कानातलं आणि हातातलं यंत्र यांची जोडी जमवायची खटपट साठ-पासष्ट वर्षं जुनी आहे. आज तिचीच गोष्ट.

सुरुवात अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात. जॉन कॉस नावाचा एक ट्रम्पेट वाजवणारा माणूस आणि त्याचा इंजिनिअर जोडीदार मार्टिन लँग यांनी उचलून नेता येईल असा रेकॉर्ड प्लेअर बनवला आणि एकट्याला ऐकता यावं म्हणून त्याला स्टिरिओ हेडफोन जोडले. १९५८ च्या प्रदर्शनात गंमत झाली. लोकांना प्लेअरचं फारसं काही वाटलं नाही, सगळे हेडफोनच्या मागे लागले! जोडीतला बिनमहत्त्वाचा मेंबर हिरो झाला.

पण हे हेडफोन जड. १९७०च्या दशकातही चांगला हेडफोन म्हणजे ३०० ते ४०० ग्रॅमचं ओझं. शिवाय काहींना व्होल्टेजही बरंच लागायचं. जर्मनीतल्या सेनहायझरचा १९६८ चा एचडी ४१४ घ्या. त्याचा इम्पिडन्स २००० ओहम, म्हणजे दोन सेलवर चालणाऱ्या खेळण्याने तो काय हलणार? घरच्या ॲम्प्लिफायरसाठीचं ते काम.

आता टोकियो. सोनीचे सहसंस्थापक मासारू इबुका यांना विमानप्रवासात संगीत ऐकायचं होतं, पण कंपनीचा स्टिरिओ रेकॉर्डर आणि हेडफोन मिळून फार वजन व्हायचं. त्यांनी सांगितलं, रेकॉर्डिंग काढून टाका, फक्त वाजणारं यंत्र करा. नशीब बघा: त्याच कंपनीच्या दुसऱ्या विभागात साधारण ५० ग्रॅमच्या हेडफोनवर काम चालू होतं. दोन्ही एकत्र आले आणि १ जुलै १९७९ ला वॉकमन बाजारात आला, किंमत ३३,००० येन. माझ्या मते वॉकमनचा खरा शोध त्या कॅसेटच्या डब्यात नाही, हेडफोनमध्ये आहे. चारशे ग्रॅमच्या आसपासच्या डब्याला चारशे ग्रॅमचाच हेडफोन लावला असता, तर रस्त्यावर कोण फिरलं असतं?

पहिल्या वॉकमनला हेडफोनची दोन भोकं होती. अध्यक्ष अकिओ मोरिता यांना एकट्याने ऐकणं उद्धटपणाचं वाटलं होतं. लोकांनी मात्र एकट्यानेच ऐकलं.

या हलक्या हेडफोनची एक किंमत होती, आणि ती प्रत्येक गाण्याला वेगळी मोजावी लागली. कान आणि छोटा स्पीकर यांच्यात फट राहिली की खालचे सूर निसटतात, वरचे टिकतात. स्पंजचे हेडफोन उघडेच. गायकाचा आवाज, गिटार, व्हायोलिन छान यायचं, पण डिस्कोचा बास ड्रम किंवा आपल्या तबल्याच्या डग्ग्याची घुमक अर्धीच. म्हणून १९८०च्या दशकात वॉकमनवर 'मेगा बास'चं बटण आलं. निसटतंय ना? मग आधीच जास्त ओता! वरचे सूर दुसऱ्या दिशेनेही सांडायचे. जपानी लोकलमध्ये शेजाऱ्याच्या कानातून येणाऱ्या 'शाका शाका' आवाजाचा लोकांना वैताग आला होता.

फट बुजवणारे लोक वेगळ्याच दारातून आले. अमेरिकेतल्या एटिमोटिक कंपनीचे मीड किलियन श्रवणतपासणीच्या इअरफोनवर काम करायचे. त्यातूनच १९९१ मध्ये कानाच्या नळीत खोल बसणारा ईआर-४ आला. शांत शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांना बाहेरचा गोंगाट बंद होणं म्हणजे चैनच! पण इथेही तोच लफडा: खिशातल्या प्लेअरवर त्याचा आवाज पुरेना. मग त्याची कमी ओहमची 'पी' आवृत्ती निघाली, जास्त मोठा आवाज देणारी आणि बासला थोडी उदार.

दुसरीकडे रॉक. व्हॅन हेलन बँडचा ड्रमर ॲलेक्स व्हॅन हेलनला स्टेजवरच्या गोंगाटात स्वतःच्या बँडचं नीट ऐकू येईना. त्यांचा साउंड इंजिनिअर जेरी हार्वेने १९९५ च्या सुमारास त्याच्या कानाच्या साच्यात बसणारे इअरफोन बनवले. कान बंद झाला, त्यामुळे आवाज कमी ठेवूनही सगळं ऐकू आलं.

हा मुद्दा नीट ऐका, कारण इथे प्रश्न फक्त आवडीचा राहत नाही. २००१ च्या आयपॉडसोबत पांढरे इअरबड आले, सैल बसणारे. लोकलमध्ये बास हरवला की बोट व्हॉल्यूमवर जायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते १२ ते ३५ वयाच्या १०० कोटींहून जास्त लोकांच्या श्रवणशक्तीला मोठ्या आवाजाच्या संगीताने धोका आहे. त्यांनी दिलेली मर्यादा: ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास. ९० वर गेलात की फक्त ४ तास.

हिपहॉपने मात्र बाजार उलटा केला. २००८ मध्ये डॉ. ड्रे आणि जिमी आयोव्हीन यांचे बीट्स आले, बास मुद्दाम वाढवलेले. २०११ मध्ये एचटीसीने बीट्सचे इअरफोन काही फोनच्या डब्यातच दिले. २०१४ मध्ये ॲपलने ती कंपनी ३ अब्ज डॉलरना घेतली, आणि दोनच वर्षांनी आयफोनवरून हेडफोनचं भोक काढून टाकलं. आता इम्पिडन्सची जुळवाजुळव इअरबडच्या आतच होते, कारण ॲम्प्लिफायर तिथेच बसलाय. रबराची टोपी कानाला नीट बसतेय का, हे मात्र अजून आपणच बघायचं. डब्यात तीन साइज असतात. बहुतेक जण मधली लावतात आणि बाकीच्या हरवतात.