पावलांची रेघ

नाच आणि चित्र एकत्र आणायचे तर मधे रेघ लागते, आणि ही रेघ दोन वाटांनी येते. एक तर ती जमिनीवर आधी काढून ठेवायची आणि पावलांनी तिच्यावरून जायचे. नाहीतर अंग आधी हलू द्यायचे आणि त्याचा माग नंतर उमटू द्यायचा. डोळ्यांवर हेडसेट चढवून हवेत चित्र काढण्याचे व्हर्च्युअल रिॲलिटीचे, म्हणजे व्हीआरचे तंत्र दुसऱ्या वाटेचे. फोनच्या पडद्यातून आपल्याच घराच्या जमिनीवर चित्र मांडणारे ऑगमेंटेड रिॲलिटीचे, म्हणजे एआरचे तंत्र मात्र पहिल्या वाटेवरही चालू शकते. ही पहिली वाट रायगड जिल्ह्याच्या ओळखीची आहे. पेण आणि रोहे या दोन्ही तालुक्यांत ती दर भाद्रपदात, अनुराधा नक्षत्रावर गौरी आणताना, तिच्या पावलांच्या रूपात घरोघरी काढली जाते.

भोगावतीकाठचे पेण आणि कुंडलिकेकाठचे रोहे ही दोन्ही भाताच्या मुलखातली गावे, म्हणून इथल्या गौरीच्या पावलांना तांदळाचे पीठ सहज हाताशी असते. पीठ पाण्यात कालवून पातळसर करतात. मूठ घट्ट मिटून तिची करंगळीकडची कड पिठात बुडवायची आणि उंबऱ्याच्या आत जमिनीवर टेकवायची. टाच आणि तळव्याचा बाक एका दाबात उमटतो. मग बोटाच्या टोकाने वर पाच टिपके द्यायचे. उजव्या मुठीने एक पाऊल, डाव्या मुठीने दुसरे. दोन्ही हात एकमेकांचे आरसे असल्यामुळे जोडी आपोआप जुळते, मापाची वेगळी गरज पडत नाही. कुणी शेवटी प्रत्येक पावलावर हळदकुंकवाचे बोट टेकवते. सगळ्या पावलांची बोटे घराच्या आत वळलेली असतात. रांग दारापासून देवघराकडे, तिथून स्वयंपाकघराकडे, धान्य ठेवण्याच्या जागेकडे जाते. मग तेरड्याची रोपे किंवा मुखवटा हातात धरून घरातली सुवासीण किंवा माहेरवाशीण त्या रांगेवरून चालत येते. प्रत्येक ठिकाणी थांबायचे, घरातल्यांनी विचारायचे, तिने उत्तर द्यायचे, मग पुढचे पाऊल.

या रांगेत दिशा आहे, डाव्या-उजव्याचा क्रम आहे, दोन पावलांमधले अंतर आहे आणि कुठे थांबायचे याची खूणही आहे. नाच लिहून ठेवायला एवढेच लागते. फ्रान्समध्ये राऊल ओझे फ्योये याने 1700 मध्ये नृत्यलेखनाचे पुस्तक छापले. त्यात कागद म्हणजे नाचघराची जमीन, त्यावर नर्तकाच्या वाटेची वळणदार रेघ आणि रेघेच्या दोन्ही अंगांना पावलांच्या खुणा, अशी मांडणी होती. राजदरबारातले नाच त्या पुस्तकावरून दूरच्या शहरांत शिकवले गेले. गौरीची पावले कुणी नृत्यलेखन म्हणून आखली नाहीत आणि त्यांचा उगम सालात सांगता येत नाही. तरी रचनेच्या दृष्टीने ती याच कुळातली आहेत. एक फरक मात्र मोठा आहे. फ्योयेचा कागद कुठेही नेता येत होता. गौरीची पावले त्या एका घराच्या उंबऱ्याशी बांधलेली असतात. दुसऱ्या घरात दार दुसरीकडे, चूल दुसरीकडे, म्हणून रेघही दुसरी.

पुढचा नाच मात्र रेघ मागे ठेवत नाही. गौरीच्या रात्री झिम्मा, फुगड्या आणि फेर होतात. कोकणात पुरुषांचा जाखडी किंवा बाल्या नाच मृदंगवाल्याला मधे घेऊन त्याच्याभोवती गोल फिरतो. अशा फिरत्या नाचाला चित्रात पकडले ते उत्तरेकडे, पालघर भागातल्या वारल्यांनी. तारपा वाजवणारा मधे आणि त्याच्याभोवती गुंडाळत गेलेली माणसांची साखळी, हे वारली चित्रातले सर्वांत ओळखीचे रूप. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांच्यामुळे ते जगभर पोहोचले. ते चित्र वरून पाहिलेले असते. नाचणाऱ्याला नाचताना जी आकृती कधीच दिसत नाही, तीच त्यात असते.

नाचणाऱ्याला स्वतःची रेघ दिसते की नाही, हा या कुळकथेतला कळीचा प्रश्न आहे. पेणच्या गणपतींच्या कारखान्यांत तो हाताच्या पातळीवर पाहायला मिळतो. पेण शहरात आणि हमरापूर, जोहे या गावांत मूर्तीचे अंग साच्यातून निघते, रंग बहुधा स्प्रेने चढतो, पण डोळ्यांची आखणी आजही हातानेच होते. बारीक ब्रश, मनगटाचा एकच ओघ, मधे उचलणे नाही. आखणी करणारा रेघ पाहत पाहत ओढतो आणि हात कुठे जाड, कुठे हलका करायचा ते त्याच क्षणी ठरवतो. अख्ख्या अंगाने ओढलेल्या रेघेला ही सोय मिळायला फार वर्षे लागली.

सुरुवात कॅमेऱ्याने झाली. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ एतियेन-ज्यूल मारे याने 1883 च्या सुमारास माणसाला डोक्यापासून पायापर्यंत काळे कपडे घातले, हातापायांच्या कडेने पांढऱ्या पट्ट्या लावल्या आणि काळ्या पडद्यापुढे चालायला लावले. एकाच काचेवर अनेक क्षण टिपले गेले. माणूस नाहीसा झाला, नुसत्या रेघांचा पंखा उरला. चित्रकार न बसवता हालचालीने स्वतः काढलेले हे चित्र होते. 1949 मध्ये छायाचित्रकार ज्यों मिली याने दक्षिण फ्रान्समध्ये पिकासोच्या हातात छोटा विजेचा दिवा दिला, खोलीत अंधार केला आणि कॅमेऱ्याचा पडदा उघडा ठेवला. पिकासोने हवेत आकृती काढल्या. गंमत अशी की काढताना त्याला त्या दिसत नव्हत्या. फोटो धुऊन आल्यावरच कळायचे.

ही अडचण संगणकाने टप्प्याटप्प्याने सोडवली. अमेरिकेत आयव्हन सदरलंडने 1968 मध्ये डोक्यावर घालायचा पडदा करून दाखवला. तो इतका जड होता की छताला टांगावा लागे, पण डोके वळले की समोरची रेघांची आकृतीही त्या हिशेबाने बदलत असे. 1970 च्या दशकात कलाकार मायरन क्रूगरच्या ‘व्हिडिओप्लेस’ या मांडणीत हेडसेटच नव्हता. माणसाची सावली पडद्यावर येई आणि बोट हवेत फिरवले की पडद्यावर रेघ उमटे. रेघ आता काढतानाच दिसू लागली, मात्र समोरच्या भिंतीवर.

नर्तकांनी या साधनांचा खरा उपयोग केला तो 1990 च्या दशकात. फ्रँकफर्टमधले नृत्यरचनाकार विल्यम फोर्साइथ नाच शिकवताना अंगाभोवती काल्पनिक रेघा कल्पायला सांगत: कोपरापासून बोटापर्यंत एक, खांद्यावरून जमिनीपर्यंत दुसरी. कार्ल्सरूहच्या झेडकेएम संस्थेबरोबर केलेल्या आणि 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या सीडी-रॉममध्ये या रेघा चित्रफितीवर पांढऱ्या रंगात काढलेल्या दिसतात. नर्तकाच्या मनातली भूमिती पाहणाऱ्याला दिसली. त्याच सुमारास नर्तक बिल टी. जोन्स यांच्या अंगावर खुणा चिकटवून त्यांचा नाच संगणकात उतरवला गेला, आणि डिजिटल कलाकार पॉल कायझर व शेली एश्कर यांनी त्या हालचालीला हाताने काढल्यासारख्या रेघांचे अंग दिले. ‘घोस्टकॅचिंग’ या नावाच्या त्या कलाकृतीत नर्तक नाही, पण नाच त्याचाच आहे. याच दोघांनी नृत्यरचनाकार मर्स कनिंगहॅम यांच्या ‘बायपेड’ या नाचासाठीही असे रेघांचे नर्तक रंगमंचावर, खऱ्या नर्तकांच्या पुढे, झिरझिरीत पडद्यावर उतरवले.

व्हीआरमधले चित्र यानंतरचे. पॅट्रिक हॅकेट आणि ड्रू स्किलमन यांचे ‘टिल्ट ब्रश’ गूगलने 2015 मध्ये घेतले आणि 2016 मध्ये एचटीसीच्या ‘व्हाइव’ हेडसेटबरोबर ते लोकांसमोर आले. त्या व्यवस्थेत खोलीच्या दोन कोपऱ्यांतून अदृश्य किरण फिरत राहतात. हेडसेट आणि हातातली साधने त्यांवरून स्वतःची जागा सेकंदाला अनेकदा मोजतात. हात कुठे आहे आणि कसा कलला आहे, दोन्ही कळते. त्यामुळे रेघ फितीसारखी येते: मनगट आडवे तर फीत रुंद, उभे केले की धार. आखणीच्या ब्रशला जे मनगटाने करावे लागते तेच इथे गिरकीने, उडीने, वाकून करता येते. फितीच्या मागे जाता येते, तिच्याखालून सरपटता येते. ग्लेन कीन या पूर्वी डिस्नेत असलेल्या ज्येष्ठ ॲनिमेटरने 2015 मध्ये याच साधनाने माणसाएवढ्या आकृती काढून दाखवल्या. कागदावर बसून काढणारा चित्रकार तेव्हा उभा राहून, मागेपुढे सरकत काढत होता. 2021 च्या जानेवारीत गूगलने पुढचे काम थांबवून टिल्ट ब्रश सर्वांसाठी खुले केले, आणि त्यातून ‘ओपन ब्रश’ निघाले.

व्हीआरची खोली कुणाचीच नसते. तिला उंबरा नाही. एआर ती उणीव भरून काढते. 2017-18 पासून ॲपल आणि गूगलच्या साधनांमुळे साध्या फोनलाही जमिनीचा सपाट भाग ओळखता येऊ लागला. फोन कॅमेऱ्यातून दिसणारे ठळक ठिपके, कोपरे, डाग धरून ठेवतो, आपल्या आतल्या हालचालमापकाशी ते ताडून पाहतो आणि जमीन कुठे आहे ते ठरवतो. मग तिच्यावर पावलांची रांग मांडली की ती त्याच घरात, त्याच दाराशी टिकून राहते. चालणारा पुढे गेला तरी हलत नाही. गुळगुळीत, एकरंगी, चकचकीत फरशीवर फोनचा गोंधळ होतो, कारण तिथे धरायला ठिपकेच सापडत नाहीत. नक्षीची जमीन त्याला सोपी जाते, आणि पिठाच्या टिपक्यांनी पावले काढलेली ओसरी त्याहून सोपी.