ओमसवाद : विनयपिटकातील एक नियम आणि शाळेतील टोमणा

भिक्खुपातिमोक्खातील ९२ पाचित्तिय नियमांपैकी पहिला नियम असत्य भाषणाविषयी आहे आणि तिसरा चहाडीविषयी. या दोहोंच्या मध्ये ओमसवादाचा, म्हणजे दुसऱ्यास हिणवून बोलण्याचा नियम येतो. मूळ नियम एका ओळीपेक्षाही लहान आहे. परंतु सुत्तविभंगात त्याचे जे विवरण आले आहे ते वाचताना, शाळेच्या मधल्या सुट्टीतील बोलणे कोणी टिपून ठेवले आहे की काय, असा भास होतो. प्रस्तुत लेखात या नियमाचा ऐतिहासिक अंगाने परामर्श घ्यावयाचा आहे.

विहाराची तुलना शाळेशी करणे योग्य आहे काय, असा प्रश्न येथे उपस्थित होईल. त्याचे उत्तर विनयातच सापडते. राजगृहातील सतरा मुलांची कथा ६५व्या पाचित्तियात आली आहे. त्यांच्यातील उपालीच्या आईवडिलांना मुलाच्या भवितव्याची काळजी होती. लेखन शिकविले तर बोटे दुखतील, गणना शिकविली तर छाती दुखेल, रूपविद्या शिकविली तर डोळे दुखतील, असा विचार करून अखेर त्यांनी त्यास संघात पाठविण्याचे ठरविले. त्याचे मित्रही त्याच्यासमवेत आले. ही मुले पहाटेच उठून पेजेसाठी रडू लागली. भगवंतांनी तो आवाज ऐकला आणि वीस वर्षांखालील व्यक्तीस उपसंपदा देऊ नये, असा नियम केला. तात्पर्य, संघात कोवळ्या वयाची माणसे होती, शिकणे-शिकविणे होते आणि वडीलधाऱ्यांचा धाकही होता.

या सत्तरसवग्गीयांना छब्बग्गीय भिक्षूंनी, म्हणजे सहा जणांच्या प्रसिद्ध टोळक्याने, जो त्रास दिला त्याच्या नोंदी पाचित्तिय कांडात ठिकठिकाणी विखुरलेल्या आहेत. त्यांना राहत्या जागेतून ओढून बाहेर काढले (१७), भीती दाखविली (५५), त्यांची पात्रे व चीवरे लपविली (६०), त्यांना मारहाण केली (७४). गुदगुल्या करून हसविताना त्यांच्यापैकी एकाचा श्वास कोंडला आणि तो मरण पावला (५२). ७७व्या नियमाची निदानकथा तर केवळ शब्दांची आहे. “वीस वर्षांखालील माणसास उपसंपदा देता येत नाही. तुमचे वय तर तेव्हा कमी होते. मग तुम्ही खरे भिक्षू आहात काय?” एवढ्या प्रश्नाने ती मुले रडू लागली. “तुम्ही आमच्यातले नाहीत” हे शाळेतील सर्वांत जुने शस्त्र असावे, असे आम्हांस वाटते.

ओमसवादाचा नियम याच छब्बग्गीयांमुळे श्रावस्तीत झाला. हिणविण्याच्या दहा बाबी तेथे मोजल्या आहेत: जात, नाव, गोत्र, काम, शिल्प, आजार, शरीराची ठेवण, क्लेश, घडलेला अपराध आणि शिवी. शरीराच्या बाबतीत अति उंच, अति ठेंगणा, अति काळा, अति गोरा असे चार प्रकार दिले आहेत. शिव्यांमध्ये उंट, मेंढा, बैल, गाढव हे शब्द आहेत. अडीच हजार वर्षांत या यादीत फारशी भर पडलेली नाही.

परंतु नियमाचे खरे मर्म यादीत नाही, ते हेतूच्या विचारात आहे. समोरच्यास खाली पाडावे, त्याचा उपमर्द करावा, त्यास ओशाळे करावे या हेतूने बोललेला शब्द हीन असो वा उच्च, दोष सारखाच. ब्राह्मणकुळातील भिक्षूस हिणविण्याच्या हेतूने “तू ब्राह्मण आहेस” म्हटले तरीही पाचित्तिय होते, आणि तेही प्रत्येक उच्चारागणिक. नाव न घेता “येथे काही असेही आहेत” असे मोघम बोलणे हा दुक्कट दोष. हिणविण्याचा हेतू नसून केवळ थट्टा केली, तर दुब्भासित. तो सर्वांत हलका दोष खरा, पण दोषच. अर्थ, धर्म किंवा अनुशासन समोर ठेवून बोलणाऱ्यास मात्र दोष नाही. “आम्ही गंमत केली” या सबबीचा निकाल विनयधरांनी असा केव्हाच लावून ठेवला आहे.

याच प्रसंगी भगवंतांनी तक्षशिलेच्या नन्दिविसाल बैलाची कथा सांगितली. शंभर गाड्या ओढण्याची पैज लागली असता मालकाने त्यास अपशब्दाने हाकले; बैल जागचा हलला नाही आणि पैज बुडाली. पुढे दुप्पट रकमेची पैज लागली. या वेळी मालक सन्मानाने बोलला आणि त्याच बैलाने गाड्या ओढल्या. बैलाचे बळ दोन्ही वेळी तेवढेच होते. अपमानित विद्यार्थ्याची “प्रगती नाही” असा शेरा लिहिणाऱ्याने ही कथा स्मरावी.

या नियमाची मर्यादाही येथे सांगितली पाहिजे. नाव, गोत्र, काम आणि शिल्प यांचे हीनत्व सांगताना विभंग “त्या त्या जनपदात जे अवमानिलेले असते” अशी पुस्ती जोडतो. म्हणजे हीनत्व वस्तूत नसून लोकांच्या नजरेत आहे, हे तो जाणतो. जातीच्या बाबतीत मात्र ही पुस्ती नाही. चांडाल, वेन, निषाद, रथकार, पुक्कुस अशी सरळ यादी आहे. येथे विनय समाजातील प्रतवारी नोंदवितो, तिची चिकित्सा करीत नाही. ती चिकित्सा पाहण्यासाठी वासेट्ठसुत्ताकडे वळावे लागते. तसेच उपसंपन्न नसलेल्यास हिणविले तर दोष दुक्कटावर उतरतो, हेही झाकून ठेवण्याचे कारण नाही.

आम्ही शाळेत असताना शिष्यवृत्तीच्या मुलांना वर्गात उभे करून त्यांची नावे वाचीत. नाव वाचले की मागच्या बाकावरून “बॅरिस्टर” असा शब्द येई. शब्द उच्च होता, गौरवाचा होता. आमच्या घरातील तसबिरीशी त्याचे नाते होते. गुरुजी म्हणत, यात शिवी कोठे आहे? ‘उच्च शब्दाने उच्चास’ हा विभंगातील प्रकार पुढे विद्यापीठात वाचला तेव्हा त्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस मिळाले.

महाराष्ट्राने १९९९ साली रॅगिंगविरोधी कायदा केला. त्याच्या व्याख्येत शारीरिक इजेबरोबरच लाज आणि भीती यांचा, तसेच चिडविण्याचा समावेश आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७व्या कलमाने शाळेत बालकाच्या मानसिक छळासही मनाई केली. कायदा आवश्यकच आहे. परंतु तक्रार झाल्यावर तो जागा होतो, आणि मागच्या बाकावरील एका शब्दाची तक्रार सहसा कोणी करीत नाही.

पाचित्तियाची शुद्धी दोषाच्या कबुलीने होते. बोलणाऱ्याने दुसऱ्या भिक्षूसमोर आपला शब्द मान्य करावयाचा आणि पुढे संयम राखावयाचा. त्यास संघातून काढून टाकीत नाहीत, आणि घडले ते घडलेच नाही, असेही मानीत नाहीत. आमच्या वर्गात तो शब्द उच्चारणाऱ्यास कोणी एकदा जवळ बोलावून “हे तू कोणत्या हेतूने म्हणालास?” एवढेच विचारले असते, तर ते पुरेसे होते. हजेरीपट हाती घेणाऱ्या प्रत्येक शिक्षकास हा प्रश्न आजही विचारता येईल.